यंत्र गाळते, शोधत नाही

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एखाद्या गावात पंचेचाळिशीतला कर्ता माणूस वारला असे धरा. मृत्यूची नोंद करायची, असा कायदा १९६९ पासून आहे; आता मुदत २१ दिवसांची आहे. ग्रामपंचायतीत ती होते. आता तर ऑनलाइन होते. नाव, वय, पत्ता, मागे राहिलेल्या जोडीदाराचे नाव, सगळे सरकारच्या संगणकात जाते. त्यानंतर सरकारचे दोन हात दोन वेगांनी चालतात. एक हात काढून घेणारा. आज ना उद्या रेशनकार्डावरचे त्याचे नाव कमी होऊन महिन्याचे ५ किलो धान्य घटते, त्याच्या नावावरचा पीएम किसानचा हप्ता थांबतो. दुसरा हात देणारा. घरचा कर्ता १८ ते ५९ या वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असले, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात. गावाकडे यालाच ‘निराधारचा पगार’ म्हणतात. कोण गेले आणि मागे कोण राहिले, ही या दोन्ही योजनांना लागणारी मुख्य माहिती ग्रामपंचायतीने नुकतीच टाइप केलेली असते. तरी हा दुसरा हात आपणहून हलत नाही. बाईने अर्ज करायचा असतो.

अर्ज म्हणजे मृत्यूचा दाखला, तलाठ्याची चौकशी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षे राहत असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक. (तलाठ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचे असे ठरले आहे. गाव अजून तलाठीच म्हणते.) पुढे तालुका समितीची बैठक लागेल तेव्हा मंजुरी. कुटुंब लाभासाठी दारिद्र्यरेषेची यादी पाहिली जाते आणि ती २००२ च्या सर्वेक्षणावर उभी आहे. आज पंचेचाळिशीत गेलेला माणूस तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा होता. यादीत नाव असलेच तर त्याच्या बापाचे असणार. दिवस घालून व्हायच्या आत या बाईने सासऱ्याच्या नावाचा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद शोधायचा.

गेल्या दहा-बारा वर्षांत योजनांमध्ये जे तंत्रज्ञान आले ते जवळपास सगळे याच पद्धतीने लागले आहे. कोणाला वगळायचे हे ते झटक्यात सांगते. कोण राहून गेले हे त्याला कोणी विचारतच नाही. यंत्राचा स्वभावच तसा आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. ज्या नोंदी जुळवून नाव कापता येते त्याच नोंदी जुळवून नाव घालताही येते. काय जुळवायचे हे माणसे ठरवतात, आणि ती वित्त विभागाच्या खुर्चीत बसून ठरवतात.

याच सांगली जिल्ह्यात एकदा याच्या उलट विचार झाला होता. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६९ च्या सुमारास तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर वापरली गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याची रचना नीट पाहिली पाहिजे. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत लाभार्थी निवडण्याची सगळी भानगडच संपवली होती. चैत्राच्या उन्हात खडी फोडायला जो येतो, त्याची गरज त्याच्या येण्यातच सिद्ध होते. उत्पन्नाचा दाखला कशाला हवा? काम द्यायचे किंवा बेकारभत्ता द्यायचा, ही मुदतीची जबाबदारी सरकारवर होती. पैशाची तजवीजही पक्की होती. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावला आणि मुंबईच्या पगारदाराच्या पाकिटातून माणदेशातल्या पाझर तलावाचा खर्च निघाला. बोगस मस्टर (हजेरीपट) होते, बेकारभत्ता फारसा कोणाला मिळाला नाही, हे सगळे खरे. पण पुरावा देण्याचे ओझे सरकारच्या डोक्यावर होते. आज ते अर्जदाराच्या डोक्यावर आहे.

उत्पन्नाचीच गोष्ट घ्या. निराधार आणि वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही एकट्याचे नव्हे, अख्ख्या घराचे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने त्या दराने काम केले तरी अडुसष्टाव्या दिवशी ते घर २१,००० च्या वर जाते. १०० दिवस भरले तर ३१,२०० होतात. म्हणजे सरकारच्याच एका योजनेत काम केले की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून माणूस बाद. त्याच गावात रेशनच्या प्राधान्य यादीची ग्रामीण मर्यादा ४४,००० आहे आणि लाडकी बहीण योजनेची अडीच लाख. एकच चूल तीन फूटपट्ट्यांनी मोजली जाते. एकीवर ती गरीब ठरते, दुसरीवर ठरत नाही.

याचा परिणाम सगळ्या तालुक्यांना ठाऊक आहे. दाखल्यावर वीस-एकवीस हजारच लिहून येतात. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, समितीलाही माहीत. कागदाच्या काळात हे खोटे सगळ्यांनी मिळून सांभाळले होते, कारण मर्यादाच इतकी हास्यास्पद होती की खरे लिहिले तर योजनेला माणूस उरला नसता. आता नोंदी एकमेकींशी जुळवायला लागल्या आणि हे सामुदायिक खोटे एकट्या लाभार्थ्याच्या गळ्यात आले. मर्यादा न वाढवता तपासणी तेवढी कडक केली, तर गरिबाला खोटे बोलायला लावून मग खोटे पकडल्याबद्दल आपलीच पाठ थोपटून घेण्यासारखे होते.

सरकारला नोंदी जुळवता येत नाहीत, हे मात्र कोणी सांगू नये. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून महिना १,००० होतात, म्हणून अशा महिलेला लाडकी बहिणीचे १,५०० न देता वरचे ५०० द्यायचे, हा हिशेब सरकारने केलेलाच आहे. दोन खात्यांच्या तीन योजना आणि रुपयापर्यंत वजाबाकी! हजार रुपये वाचवायला जी जुळणी जमते, ती मृत्यूची नोंद आणि विधवेचा पगार जोडायला का जमू नये?

आता पैसे अडतात कुठे ते पाहू, कारण तपशील इथेच आहे. निराधारचे पैसे पूर्वी तहसीलमधून याद्यांनी बँकांकडे जात. २०२४ च्या अखेरीपासून ते थेट आधारवर जमा होऊ लागले. आधारवर पैसे पाठवताना सरकार खाते क्रमांक पाहत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या एका सूचीत, बँकवाले जिला मॅपर म्हणतात तिच्यात, त्या आधार क्रमांकापुढे शेवटी कोणती बँक नोंदली आहे एवढे पाहिले जाते आणि पैसे तिकडे जातात. म्हाताऱ्या माणसाने अर्जाला जोडले होते जिल्हा बँकेचे पासबुक. मधल्या काळात गावात आलेल्या कोणी मोबाइलवर एखादे पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले आणि संमतीचा अंगठा घेतला. झाले, सूची बदलली. पगार सुरूच असतो, फक्त ज्याचे पासबुक नाही, ज्याची शाखा नाही अशा खात्यात साचत राहतो. म्हातारी दर महिन्याला जुन्या शाखेत जाऊन ‘आला नाही’ ऐकून परत येते. बँक सांगते ‘आधार लिंक आहे’ आणि तेही खोटे नसते. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार जोडणे वेगळे, अनुदानासाठी सूचीत सीडिंग करणे वेगळे. काउंटरवर हा फरक समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. खाते कोणत्या बँकेत गेले हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते, पण त्यासाठी ओटीपी लागतो आणि ओटीपीसाठी आधारला मोबाइल जोडलेला लागतो. तो नसेल तर आधार केंद्र गाठायचे, ७५ रुपये भरायचे आणि पुढचे काही दिवस थांबायचे.

मोबाइल जोडलेला असला तरी तो कोणाचा? बदललेला समाज इथे यंत्राला आडवा येतो. विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली मुले सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. पाटण-जावळीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून राबली; आताची पिढी पुणे-चाकणला आहे. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आधारला मुलाचा नंबर. गावच्या केंद्रावर अर्ज उघडतो आणि ओटीपी जातो कोइमतूरला, दहा मिनिटांच्या मुदतीत. मुलगा भट्टीपुढे असेल तर फोन उचलत नाही. वर दर आठवड्याला सरकारचाच संदेश येतो की ओटीपी कोणालाही सांगू नका. ज्याला तो स्वतः वाचता येत नाही त्याने मग करायचे काय?

निराधार योजनेची कल्पना अजून एकत्र कुटुंबाची आहे. कमावता मुलगा कार्डावर दिसला की म्हातारी निराधार नाही. मुलगा कमावतो हे खरे, पण तो दुसऱ्या राज्यात भाड्याच्या खोलीत राहून कमावतो आणि आईला पाठवतो ते दिवाळी-यात्रेला. म्हणून लोक रेशनकार्ड विभक्त करतात. त्याला लबाडी म्हणणे सोपे आहे. घर कधीच विभक्त झालेले असते. कार्ड ते उशिरा मान्य करते.

अंगठ्याचे दुखणे जुने आहे. ऊस तोडणारे, हळद शिजवणारे, गवंड्याच्या हाताखालचे आणि सत्तरीपुढचे, या सगळ्यांच्या रेघा झिजलेल्या असतात आणि रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर थम उठत नाही. यावर नियम नाही असे नाही. यंत्रावर ओळख पटली नाही एवढ्यावरून लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून नोंदवहीत टिपून धान्य द्यावे, अशा सूचना आधार प्राधिकरणाने २०१७ मध्येच दिल्या आहेत. डोळ्याची बाहुली, चेहरा, ओटीपी असे पर्याय आहेत. पण वहीत टिपून धान्य दिले की तपासणीच्या वेळी पहिली शंका दुकानदारावर येते. तो मग ‘उद्या या’ म्हणतो, कारण त्यात त्याला धोका नाही. कांदाटी खोऱ्यातून लाँचने कोयना धरणाचे पाणी ओलांडून तापोळ्याला आलेल्या माणसासाठी ‘उद्या या’ म्हणजे सबंध दिवस आणि परतीचे भाडे.

लाडकी बहिणीची ई-केवायसी तर अभ्यासक्रमात लावावी अशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली. बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचे आधार आणि त्यांचा ओटीपी मागितला. विधवा, परित्यक्ता, वडील वारलेल्या मुली, म्हणजे जिला गरज सर्वांत जास्त तीच पहिल्या पानावर अडकली; तिच्यासाठी वेगळी सोय नंतर आली. पुढे एक प्रश्न होता: कुटुंबातील सदस्य सरकारी खात्यात कायम कर्मचारी नाहीत, अशा अर्थाचे नकारार्थी वाक्य, आणि त्यापुढे ‘होय’ की ‘नाही’. घरात सरकारी नोकरी नाही म्हणून बायकांनी साध्या मनाने ‘नाही’ दाबले आणि त्या संगणकाच्या लेखी सरकारी नोकराच्या घरच्या झाल्या. शेवटी अंगणवाडी सेविकांना दारोदार पाठवून खात्री करावी लागली. म्हणजे जे काम माणसाने एका फेरीत केले असते त्यासाठी आधी यंत्र लावले, यंत्राने घोळ घातला आणि तो निस्तरायला पुन्हा तेच माणूस. मुदत होती १८ नोव्हेंबरची, मग ३१ डिसेंबरची. त्या दिवसांत जत, आटपाडी, माण, खटावच्या तोडकरी बायका उसाच्या फडात असतात, हे मुंबईत तारीख ठरवणाऱ्याला कोणी सांगितले नसावे.

त्या बायकांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, हिशेब मुकादमाकडे नवऱ्याच्या नावावर होतो. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि कोणत्याही नोंदीत तिच्या कष्टाचा एक रुपयाही तिच्या नावाने दिसत नाही. या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. कारखान्याने गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये द्यायचे आणि सरकारने तितकेच घालायचे, अशी त्याच्या निधीची रचना. ही रचना हुशारीची आहे. तोडणी यंत्र आले, कोयते कमी झाले, तरी ऊस गाळला जाईल तोवर निधी येत राहील. माथाडींचे तसे नाही. पाटण तालुक्यातून गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यात मजुरीवर टक्केवारीने लेव्ही बसते. पोत्याच्या जागी कंटेनर आणि खांद्याच्या जागी फोर्कलिफ्ट आली की मजुरी घटते आणि तिच्याबरोबर कल्याणाचा पैसाही. यंत्रांचे प्रमाण वाढत जाणार असेल तर कर मालावर बसवावा, मजुरीवर नाही. हे टनामागच्या दहा रुपयांनी दाखवले आहे. पण माथाडी कायद्यात एक गोष्ट होती जी ऊसतोडीत नाही. मंडळाकडे मालक आणि कामगार दोघांची नोंद असे, त्यामुळे कामगाराला आपण कामगार आहोत हे वेगळे सिद्ध करावे लागत नसे. तोडकऱ्याला मात्र ग्रामपंचायतीचा दाखला आणायला सांगतात. कोणती टोळी, कोणते वाहन, किती टन, हे कारखान्याच्या काट्यावर खेपेखेपेला नोंदले जाते. पैसा टनावर आपोआप वसूल होतो आणि ज्याच्यासाठी तो आहे त्याने मात्र हेलपाटे घालायचे.

डिलिव्हरीच्या पोरांचे पुढे काय होणार हे यावरून ओळखता येते. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. म्हणजे वसुलीचा पाया बरोबर धरला आहे. कोणी किती फेऱ्या मारल्या हे ॲपला मिनिटामिनिटाने माहीत असते. तिथेही पोरांनी स्वतःच पोर्टलवर नोंद करायची ठेवली, तर पुन्हा तेच.

गाळण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. लाडकी बहिणीचे पैसे पुरुषांनी आणि सरकारी कर्मचाऱ्यांनीही घेतल्याचे २०२५ मध्ये सरकारनेच सांगितले. पैसा लोकांचा आहे, तपासणी हवीच. पण ही नावे आत आली कशी? जुलै २०२४ ला योजना सुरू झाली, नोव्हेंबरला विधानसभेची निवडणूक होती आणि मधल्या तीन-चार महिन्यांत अर्ज धडाधड मंजूर झाले. कर्मचाऱ्यांच्या पगाराची नोंद तेव्हाही सरकारकडेच होती. आणि यंत्राने लबाडी थांबते हाही अर्धवट समज आहे. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा ॲपवर फोटो काढून हजेरी घ्यायचा नियम २०२३ पासून सगळीकडे लागू झाला. दोन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला स्वतःच परिपत्रक काढून सांगावे लागले की फोटोचा फोटो काढून चढवला जातो आहे, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जात आहेत. बोगस मस्टरवाला नवी युक्ती शिकला. रेंज नसलेल्या डोंगरात खरोखर खणणाऱ्याची हजेरी मात्र बुडाली.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे फुकट आहे. हप्ता जमा झाला की संदेशात बँकेचे नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे मराठीत यावेत. निम्मे हेलपाटे तिथेच संपतील. यंत्राच्या जुळणीवरून कोणाचाही पगार लगेच बंद करू नये. आधी लेखी कारण द्यावे, ते ग्रामसभेत वाचावे, ३० दिवस हरकतीला ठेवावेत आणि तोवर पैसे चालू ठेवावेत. त्यात चार अपात्र माणसांना एक महिना जास्त गेला तर ६,००० रुपये बुडाले. एका पात्र विधवेचा पगार सहा महिने चुकून बंद राहिला तर तिचे ९,००० बुडतात आणि तिला ते उसने कोणी देत नाही. सेवा हक्क कायद्यात दिरंगाईबद्दल अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद २०१५ पासून आहे. चुकीने बंद केलेल्या पगारालाही ती स्पष्टपणे लावावी. रेशन दुकानात किती वेळा थम उठला नाही आणि त्यांपैकी किती जणांना वहीवर धान्य दिले, हे दोन आकडे दर महिन्याला दुकानाच्या फळ्यावर लागावेत. वहीवर देणारा दुकानदार संशयित ठरतो, तो मग उलट नियम पाळणारा म्हणून दिसेल. २१,००० ची मर्यादा निदान रेशनच्या ४४,००० ला नेऊन बांधावी आणि दोन्ही दरवर्षी किमान वेतनाबरोबर हलाव्यात. हे शेवटचे फुकट नाही. त्यासाठी अर्थसंकल्पात पैसा लागेल, आणि खरी अडचण तिथेच आहे. केंद्र वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशीच्या आतल्या माणसामागे महिना २०० रुपये घालते. ही रक्कम दीड दशकाहून जास्त काळ तीच आहे. तेवढ्यात आज जत ते सांगली एसटीचे जाऊन-येऊन पूर्ण भाडेही धड भागत नाही.

मृत्यूच्या नोंदीपासून पगारापर्यंतचा रस्ता एखाद्या तालुक्यात लगेच करून पाहता येईल. विसापुरात तसेच झाले होते: आधी एक तालुका, मग राज्य. ग्रामपंचायतीत ५९ च्या आतल्या माणसाच्या मृत्यूची नोंद झाली की त्याच रात्री तहसीलच्या संजय गांधी शाखेला आणि तलाठ्याला यादी जावी. रहिवास, वय, कार्ड हे सरकारच्याच नोंदींतून तपासावे. तलाठ्याने घरी जाऊन बाईला दोनच गोष्टी विचाराव्यात: पैसे कोणत्या खात्यात हवेत, आणि फोन कोणाचा लावायचा. मंजुरी समितीच्या बैठकीची वाट न पाहता तहसीलदारांनी द्यावी, समितीने नंतर पाहावी. मुदत तीस दिवस. सुरुवातीला दर महिन्याला तालुक्यात अशा नोंदी किती झाल्या आणि त्यांपैकी किती घरी पगार सुरू झाला, एवढे दोन आकडे पंचायत समितीच्या सभेपुढे ठेवले तरी पुरे.